वेळ नाही म्हणून दिलेली गोळी

चिंतेच्या रुग्णाला अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूने एक युक्तिवाद हल्ली फार ठामपणे केला जातो. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ मोजके. समुपदेशनाच्या एका तासाला हजाराच्या पुढे पैसे, आणि तेही दर आठवड्याला. सरकारी रुग्णालयात रांग लावायची तर कामाचा खाडा. समोर बसलेल्या माणसाची छाती धडधडतेय, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि उद्या सकाळी सातची सीएसएमटी लोकल पकडून त्याला कामावर जायचंय. अशा माणसाला लंडन-जिनिव्हाची मार्गदर्शक तत्त्वं वाचून दाखवायची, की आज रात्रीची झोप द्यायची? गोळी स्वस्त आहे, तासाभरात काम करते, तिच्या जातीची औषधं साठ वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत. श्रीमंत देशांचे नियम आमच्या दवाखान्यांवर लादू नका.

ऐकायला हे माणुसकीचं वाटतं आणि असं बोलणारे डॉक्टर बहुतेक वेळा खरोखरच कनवाळू असतात. मी डॉक्टर नाही. नवी मुंबईत औषधांचं दुकान चालवतो. कुणाला कोणता आजार आहे हे ठरवायचा मला अधिकार नाही, हौसही नाही. पण चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावरून उठली की पुढे तिचं काय होतं, ते काउंटरच्या अलीकडून जास्त स्पष्ट दिसतं. इथून पाहिलं तर हा युक्तिवाद डोक्यावर उभा आहे. डॉक्टर कमी आहेत, त्यांच्याकडे वेळ कमी आहे, हे खरंच असेल तर सगळ्यात जपून द्यायची गोळी हीच.

ही औषधं, म्हणजे बेंझोडायझेपिन, मुळात वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. हॉफमन-ला रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून ती जन्माला आली. १९६० साली लिब्रियम बाजारात आलं, १९६३ साली व्हॅलियम. त्याआधी झोपेसाठी आणि घाबरेपणासाठी बार्बिट्युरेट दिली जायची. ती थोडी जास्त झाली की श्वास मंदावून माणूस दगावायचा. त्या मानाने नवी गोळी कितीतरी सुरक्षित होती आणि डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यात नवल नाही. आपल्याकडे तर काम्पोज हे एका कंपनीच्या डायझेपामच्या गोळीचं नाव न राहता शांत झोपेचंच नाव होऊन बसलं. आजही मिरगीचा झटका थांबत नसेल, दारू सोडताना रुग्णाला कंप सुटला असेल, तर डायझेपाम-लोराझेपामवाचून इस्पितळाचं पान हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहेत, आणि असायलाच हवीत.

प्रश्न चिंतेसाठी रोज, महिनोन्‌महिने घेण्याचा आहे. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींची उत्तेजना आवरून धरतं. ही औषधं त्या रसायनाचा परिणाम वाढवतात. रोज घेत राहिलं की काही आठवड्यांत मेंदू हा वाढीव परिणाम गृहीत धरून आपली घडी बसवतो. मग गोळी काढली की उत्तेजना मूळ पातळीवर न थांबता तिच्याही वर जाते. झोप उडते, हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. एकदम तोडली तर काहींना फिट येते. आणि यातली पहिली सगळी लक्षणं म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी सुरू केली, तोच त्रास. रुग्णाला वाटतं आजार उलटला. डॉक्टरलाही तसंच वाटतं. दोघं मिळून गोळी पुन्हा सुरू करतात आणि तिचा गुण आला म्हणून समाधान मानतात.

आता त्या लंडन-जिनिव्हाच्या टोमण्याकडे. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ सालीच दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सांगितली. २०११ साली तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने सर्वसाधारण चिंताविकारात बेंझोडायझेपिन देऊच नका, फार तर संकटकाळी थोडे दिवस द्या, असं म्हटलं. ही दोन्ही श्रीमंत व्यवस्थेची मतं आहेत, हे एक वेळ मान्य करू. पण जिनिव्हाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक आरोग्याचा ‘एमएचगॅप’ हा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे आणि तो आखला गेलाय तोच मुळी जिथे तज्ज्ञ नाहीत अशा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी. तिथल्या साध्या, तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरने आणि नर्सने काय करावं, हे सांगायला. त्याच कार्यक्रमाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की सर्वसाधारण चिंताविकार आणि पॅनिक डिसऑर्डर यांसाठी बेंझोडायझेपिनची शिफारस नाही. अगदी तीव्र, तातडीच्या अवस्थेत द्यायची झाली तर तीन ते सात दिवस, त्यापुढे नाही. म्हणजे गरिबांसाठी लिहिलेला नियम श्रीमंतांच्या नियमापेक्षा कडक आहे. असं का, याचा विचार ‘आमची परिस्थिती वेगळी’ म्हणणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

कारण साध्या हिशेबात आहे. गोळी सुरू करायला दोन मिनिटं लागतात. थांबवायला किती लागतात? अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने इतर संघटनांना बरोबर घेऊन २०२५ साली फक्त या एका गोष्टीवर मार्गदर्शिका काढली. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्क्यांनी डोस उतरवण्यापासून सुरुवात करा, प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला पाहा, त्रास झाला तर थांबा, असं ती सांगते. तीन वर्षं रोज रात्री क्लोनाझेपाम घेणाऱ्या माणसाला या गतीने उतरवायचं तर सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. महिन्याला एक-दोन भेटी, प्रत्येक भेटीत झोप कशी आहे, कंप आहे का, धीर सुटतोय का, हे विचारायचं. ज्या डॉक्टरांकडे पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं नव्हती, ते पुढे वर्षभर ही मिनिटं कुठून आणणार? आणत नाहीत. म्हणून गोळी थांबत नाही. टंचाईचा दाखला देऊन सुरू केलेलं औषध त्याच टंचाईमुळे आयुष्यभराचं होतं.

हे कसं घडतं ते एका संवादात सांगतो. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या एक काकू महिन्याची औषधं न्यायला आल्या. चिठ्ठीवर रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, पित्ताची गोळी आणि खाली ०-०-१, म्हणजे फक्त रात्री एक, अशी अल्प्राझोलाम. त्याखाली दोन शब्द: सी.टी. ऑल. सगळं तेच चालू ठेवा.

“दादा, सगळ्या म्हयन्याच्या द्या. ती बारकी पन.”

“काकू, ही बारकी कशाची, माहितीये का?”

“बीपीचीच की. त्या बीपीवाल्याच्या संगट लिवलीया.”

“कधीपासून घेताय?”

“ह्यांचं झालं तवापासनं. डॉक्टर लई चांगलं. एकदा सपली व्हती तर दोन दीस घेतली न्हाई, हात असं थरथरायला लागलं. मग कळालं, बीपी वाढलं.”

कुणी तिला फसवलेलं नाही. नवरा गेला, झोप उडाली, डॉक्टरांनी मायेने गोळी दिली. पुढच्या महिन्यात रक्तदाबासाठी आल्यावर आधीच्या चिठ्ठीवरचं सगळं तसंच चालू राहिलं. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखात, दुसरा मानसिक आजार नसताना, बेंझोडायझेपिन देऊ नये असं त्याच ‘एमएचगॅप’ने २०१३ साली स्पष्ट सांगितलेलं आहे. पण ते बाजूला ठेवू. पहिले आठ-दहा दिवस दिली म्हणून मी भांडणार नाही. मी भांडतोय ते अकराव्या दिवसाबद्दल. त्या दिवसाची नोंद कुठल्याच चिठ्ठीवर नसते. आता ती काकू औषध सुटल्याचा कंप रक्तदाबाच्या खात्यावर मांडतेय, तिच्या वयात रात्री बाथरूमला जाताना पडण्याचा धोका वाढलाय आणि विसराळूपणा आला तर घरचे म्हणणार, वय झालं. अमेरिकेच्या वृद्धवैद्यक संस्थेच्या ‘बीअर्स’ यादीत वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांत ही औषधं आहेत ती उगाच नाहीत.

इथे बचावपक्षाचे जाणकार वकील पुढे येतात. रिचर्ड बॅलन, व्लादन स्टारसेविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० साली एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, बेंझोडायझेपिनची विनाकारण बदनामी झाली. चिंतेवर ती परिणामकारक आहेत, बरेच रुग्ण वर्षानुवर्षं तोच डोस घेतात, वाढवत नाहीत, आणि नैराश्यरोधक औषधं सोडतानाही त्रास होतोच. हे लोक भोंदू नाहीत, या विषयात आयुष्य घालवलेले आहेत. यातलं बरंचसं खरंही आहे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या एसएसआरआय गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर येते, विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. ते डॉक्टरांनी आधी सांगायला हवं आणि बरेच जण सांगत नाहीत. डोस न वाढवणारे रुग्णही खूप आहेत. ती काकू त्यांतलीच. अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, तेवढीच, कायम.

पण डोस वाढला नाही म्हणून सवय लागली नाही, हे कुठल्या तर्काने? सवय मोजायची तर गोळी बंद केल्यावर काय होतं ते पाहून मोजायची. आणि या मंडळींच्या लेखांत एक रुग्ण गृहीत धरलेला असतो, ज्याला निदान नीट झालंय, ज्याच्यावर डॉक्टरांची देखरेख आहे, जो ठरलेल्या वेळी दाखवायला येतो. असा रुग्ण माझ्या काउंटरवरही येतो, महिन्यातून एखादा. त्याच्यासाठी त्यांचं म्हणणं मला पटतं. इतर उपाय थकलेल्या काही जणांना ही गोळी दीर्घकाळ लागते, हेही मी मान्य करतो. पण त्या एका देखरेखीखालच्या रुग्णासाठी लिहिलेला बचाव, देखरेख करायला वेळच नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आपल्यासाठी वापरायचा, ही चलाखी झाली. एका तोंडाने टंचाई सांगायची आणि दुसऱ्या तोंडाने मुबलक देखरेखीवर बेतलेला पुरावा सांगायचा, दोन्ही एकदम चालणार नाही.

भारतातल्या चर्चेत एक गोष्ट जवळजवळ कुणी बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त ती खुपते: संयुक्त गोळ्या. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून विकायची पद्धत आपल्याकडे जोरात आहे. नेक्सिटो प्लस म्हटलं की कुठलाही केमिस्ट न बघता कप्प्यात हात घालतो, आणि त्यासारखी इतर नावं मी एका दमात दहा सांगू शकेन. या जोडीमागची मूळ कल्पना चांगली आहे. एसएसआरआयचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला कधीकधी अस्वस्थता उलट वाढते. तेवढा काळ निभावून न्यायला क्लोनाझेपाम द्यायची, मग काढून घ्यायची. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅनिकच्या रुग्णांना सर्ट्रालिनबरोबर सुरुवातीचे काही आठवडे क्लोनाझेपाम देऊन पाहिली. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना लवकर आराम पडला. पुढे नुसती सर्ट्रालिन घेणारेही त्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे फायदा खरा, पण पहिल्या काही आठवड्यांपुरता.

आता हीच दोन औषधं एका गोळीत कोंबली की काय होतं पाहा. एकाला सहा महिने ते वर्षभर राहायचंय, दुसऱ्याने महिन्याभरात निघून जायचंय, आणि दोघं एकाच वेष्टनात. क्लोनाझेपाम काढायची तर गोळीच बदलावी लागते. त्यासाठी डॉक्टरांना आठवण हवी, रुग्णाला माहिती हवी, वेगळी चिठ्ठी हवी. तिन्ही एकत्र आल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. रुग्णाला तर ‘प्लस’ म्हणजे काहीतरी जास्त ताकदीचं जीवनसत्त्व वाटतं. पोटाच्या गोळ्यांचीही तीच गत. नॉर्मॅक्सिन, लिब्रॅक्स यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं, म्हणजे तेच १९६० सालचं लिब्रियम. गॅससाठी म्हणून वर्षानुवर्षं ते घेणाऱ्या माणसाला आपण बेंझोडायझेपिन घेतोय याचा पत्ताच नसतो. टंचाईचा युक्तिवाद करणाऱ्यांना मी विचारतो: संयुक्त गोळीने नेमकी कुणाची टंचाई भरून निघाली? डॉक्टरांचं लिहायचं अर्धं मिनिट वाचलं, एवढंच.

यावर डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवतील, आणि ते योग्यच आहे. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणारे तुम्हीच ना? आमच्या धंद्यात ही घाण आहे. महेश झगडे २०११ ते २०१४ या काळात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. फार्मासिस्ट हजर नसताना आणि चिठ्ठीशिवाय औषधं विकणाऱ्या दुकानांवर त्यांनी धडाक्याने कारवाई केली, तेव्हा आमच्या संघटनांनी बंदची भाषा केली होती. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या पाहणीत, वैद्यकीय सल्ल्याबाहेर शामक औषधं घेणारे १० ते ७५ वयोगटात सुमारे १ कोटी १८ लाख निघाले. संख्येने जास्त असलेल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीने झालेलं नाही.

पण कायदा काय सांगतो तेही बघा. औषध नियमांतला ६५ वा नियम म्हणतो, चिठ्ठीवर औषधाची एकूण मात्रा लिहिलेली हवी, आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिल्याशिवाय एका चिठ्ठीवर औषध दुसऱ्यांदा देता येत नाही. २०१३ साली केंद्राने एच-१ ही नवी अनुसूची काढली, ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातली औषधं विकताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि मात्रा वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम त्या यादीत आहेत. मूळच्या ४६ नावांत क्लोनाझेपाम नाही. ती साध्या एच अनुसूचीत. हे असं का, ते यादी करणाऱ्यांना विचारा. माझ्या दुकानातून सगळ्यात जास्त क्लोनाझेपामच जाते. तर नियम आहेत. ‘सी.टी. ऑल’ ही त्यांतून काढलेली पळवाट आहे, आणि ती पळवाट डॉक्टरांच्या अक्षरात असते. मात्रा लिहिलेली नाही, दिवस लिहिलेले नाहीत, मी चिठ्ठी परत केली तर रुग्ण शेजारच्या मेडिकलमध्ये जातो.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ते म्हणतात, एवढं सगळं आहे तर बंदच करा. पोलिसांना लावा मागे. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात आणि तिच्यापायी पोरं वाया गेली, हे महाराष्ट्राने वाचलंय. मुंबईत नायट्राझेपामच्या गोळ्या ‘बटन’ म्हणून विकल्या जातात. नवी मुंबई पोलिसांनीही २०२५ च्या सुरुवातीला नशामुक्तीची मोठी मोहीम उघडली. या विक्रीवर कारवाई व्हायलाच हवी. अल्प्राझोलाम १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात मनोप्रभावी पदार्थ म्हणून आहेच. पण मालेगावच्या पोराला आणि कोपरखैरण्याच्या काकूला एकाच काठीने हाकायला निघाल तर काकू आधी मरेल.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने बेंझोडायझेपिनसाठी तीन प्रतींची चिठ्ठी सक्तीची केली, एक प्रत सरकारकडे. चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. पण मेप्रोबामेटसारख्या जुन्या, जास्त घातक औषधांच्या चिठ्ठ्या वाढल्या. आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की वृद्धांमध्ये मांडीचं हाड मोडण्याचं प्रमाण काही कमी झालं नव्हतं. ते कमी होईल या आशेनेच तर अनेक जण त्या सक्तीचं कौतुक करत होते. २०२३ साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात, दीर्घकाळ स्थिर डोस घेणाऱ्यांपैकी ज्यांचं औषध बंद झालं त्यांच्यात वर्षभरात मृत्यूचं प्रमाण, चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, पण घाईने तोडायला निघालेल्याचा हात थांबावा एवढं त्यात नक्की आहे. आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम मिसळतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने ताडीची दुकानं एकाएकी बंद झाली आणि हैदराबादच्या एर्रागड्डा मनोरुग्णालयात फिट आलेल्या, भ्रम झालेल्या माणसांची रीघ लागली. ती माणसं कुणी गुंड नव्हती, रोज संध्याकाळी ताडी पिणारे मजूर होते.

तेव्हा हा लेख वाचून कुणी आपली, आईची किंवा सासूची गोळी उद्यापासून बंद करणार असेल तर करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि उतरवायचा आराखडा मागा.

राहतो मुद्दा पर्यायाचा. गोळी नाही तर काय, समुपदेशक कुठून आणायचे? देशात लाख लोकसंख्येमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही येत नाही, आकडा ०.७५ च्या आसपास. हे खरंच आहे. पण चिंतेवरचे बोलण्याचे उपचार फक्त मानसोपचारतज्ज्ञच देऊ शकतो, हा समज गोव्यात मोडून पडलाय. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला, त्यांचा पाठपुरावा करायला बसवलं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या गटातले सुमारे ६६ टक्के रुग्ण सावरले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले साडेबेचाळीस टक्के. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे. तरीही पणजीपासून रात्रभराच्या अंतरावर असलेल्या आपल्या शहरात, वाशीचं प्रथम संदर्भ रुग्णालय, नेरुळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय हाताशी असलेल्या महापालिकेत, असे प्रशिक्षित बोलणारे लोक बाह्यरुग्ण विभागात का बसवता येऊ नयेत? नवी मुंबई महापालिका श्रीमंत महापालिकांत गणली जाते. टंचाई पैशाची नक्की नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे, फुकट आणि मराठीतून. फोनवरून चिंताविकार बरा होत नाही, पण रात्री दोन वाजता छाती धडधडणाऱ्या ऐरोलीच्या आयटी पोराला ‘एस.ओ.एस.’, म्हणजे लागेल तेव्हा घ्या, असं लिहिलेल्या पट्टीशिवाय दुसरं काहीतरी हाताशी राहतं.

डॉक्टरांकडून मला फार काही नको. पहिल्या चिठ्ठीवर दिवस लिहा: दहा, चौदा, फार तर एकवीस, आणि पुढे ‘मग बंद’. क्लोनाझेपाम वेगळी लिहा, ‘प्लस’ लिहू नका. जुन्या रुग्णांना उतरवताना पाव मिलिग्रॅमची गोळी कशी तोडायची, तुकडे किती दिवस पुरवायचे, हे आम्ही करून देऊ. त्यासाठी फार्मसीत चार वर्षं घासलीत. आणि ते एच-१ रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचा नियम आहेच. आजवर ते निरीक्षक आले की दाखवायला कपाटातून बाहेर निघतं. त्यात एकाच नावावर लागोपाठ तिसऱ्या महिन्याची अल्प्राझोलाम चढली, की मी दुकानातून त्या डॉक्टरांना फोन करायचं ठरवलंय. दुपारी ओपीडीच्या गर्दीत तो येईल. उचला.